चिकटपट्टीखालचं बटण

फर्गसने घरातल्या सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली, तेव्हाच टॅमसिनने भांडायला हवं होतं. पण त्या वेळी तिला नववा महिना चालू होता, पाय सुजून भोपळे झाले होते, आणि भांडायचं म्हणजे आधी खुर्चीतून उठायला हवं होतं. म्हणून ती बसल्या जागेवरून एवढंच म्हणाली, "हे काय आता नवीन?"

"कुणी चुकून बटण बंद केलं की बल्बची वीज जाते," फर्गस म्हणाला. "मग ते फोनचं ऐकत नाहीत. आता भिंतीला हातच लावायचा नाही. सगळं इथून." आणि त्याने फोन असा उंच धरून दाखवला, की सगळ्या डनीडिन शहराची वीज जणू त्याच्या खिशातूनच जाते.

फर्गस गोड माणूस होता. तिथेच तर घोळ होता. आवाज चढवायचा नाही, भांडी स्वतः घासायचा, बायकोच्या पाठीला तेल लावून द्यायचा. असल्या माणसावर चिडलं की चिडणाराच वाईट ठरतो. टॅमसिन जमीन मोजणारी बाई. वारा असो, पाऊस असो, डोंगरउतारावर तिकाटणं रोवून उभी राहायची आणि शेतकऱ्यांच्या हद्दीच्या भांडणात दोन्हीकडच्यांना गप्प करायची. पण या गोड माणसापुढे तिचं काही चालत नसे. तो नाही म्हणतच नसे. तो समजावून सांगत असे.

त्याचं काम सॉफ्टवेअरचं. गोठ्यातल्या दुधाच्या टाक्या किती थंड आहेत, हे शेतकऱ्याला घरबसल्या फोनवर दिसावं, असली सॉफ्टवेअरं तो लिहायचा. बाळ होणार म्हटल्यावर त्याने तीच अक्कल घरात लावली. बाजारातून बल्ब आणले, एकूण एक खोलीत बसवले, आणि त्यांच्या पांढऱ्या उजेडाचा रंग ठरवणारा कार्यक्रम स्वतः बसून लिहिला. पांढऱ्यातही प्रकार असतात, हे त्याने टॅमसिनला कितीतरी वेळा ऐकवलं होतं. आकडा मोठा तर उजेड बर्फासारखा, आकडा लहान तर मेणबत्तीसारखा. बाळाला म्हणे बर्फासारखा उजेड वाईट. त्याने मेंदू जागा होतो, झोपेचं घड्याळ बिघडतं. म्हणून पहिले काही आठवडे सगळं घर बावीसशेवर. त्याला त्याने नावही ठेवलं होतं, 'रोरी मोड'. बाळाचं नाव ठरायच्या आधी बल्बचं नाव ठरलं होतं, आणि मग तेच बाळाला दिलं.

रोरी झाला तोही मंद उजेडात. प्रसूतिगृहातल्या सुईणीला फर्गसने आधीच विनंती करून ठेवली होती. मग दुसऱ्या दिवशी त्याला दुपट्यात गुंडाळून घरी आणलं. घर दरीच्या सावलीच्या बाजूला. हिवाळ्यात सूर्य तिकडे फिरकतच नाही. दक्षिण गोलार्धातल्या जुलैची थंडी, लाकडी घर, फटीफटीतून वारा. मग जाड पडदे दिवसरात्र ओढलेले, हीटर चालू, आणि आत सगळीकडे मधाच्या रंगाचा उजेड. त्यात टॅमसिन टाके सांभाळत पडून असायची. बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ, हे तिला सासू चहा आणते की सूप, यावरून कळायचं.

सासू म्हणजे नोएलीन. मदतीला आली होती. आतल्या डोंगराळ भागात मेंढ्यांच्या शेतावर आयुष्य गेलेली, हाडापेराने दणकट, तोंडाने त्याहून दणकट. रोज थाळाभर चीज रोल भाजायची आणि एक टॅमसिनच्या हातात, एक स्वतःच्या तोंडात ठेवून बाळाकडे बघत बसायची.

"गुणी आहे गं," ती म्हणायची. "माझा फर्गस म्हणजे नुसता भोंगा होता. हा बघ, डोळे उघडायचं नाव नाही."

हे खरं होतं. पहिल्या दिवशी रोरी रडला, दुसऱ्या दिवशीही जरा रडला, आणि मग शांत होत गेला. दूध प्यायला घेतलं की दोन-चार घोट ओढायचा आणि छातीवरच झोपून जायचा. पायाला गुदगुल्या करा, कान चोळा, ओला रुमाल लावा, ढिम्म हलायचा नाही. लंगोट बदलायला जावं तर कोरडाच.

फर्गसचा आनंद गगनात मावत नव्हता. "चालतंय," तो फोनकडे बघत म्हणाला. बाळाच्या झोपेचा आलेख काढायची सोयही त्याने करून ठेवली होती. "बघ, रेघ कशी वर चाललीय. उजेडाचा परिणाम. ऑफिसात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. त्यांची मुलं रात्रभर नाचवतात."

"तो पीत नाहीये," टॅमसिन म्हणाली.

"पितोय की. थोडं थोडं पितोय. त्याचं पोट केवढं, बोराएवढं."

"मला तो पिवळा वाटतोय."

फर्गस हसला. हसणंही गोड. "मीही पिवळाच दिसतोय बघ. तूही. आईचा चहासुद्धा. अगं, बावीसशेवर सगळंच तसं दिसतं."

बोलला ते खोटं थोडंच होतं? तिने स्वतःचा हात बाळाच्या गालाशी धरून पाहिला. दोन्ही एकाच रंगाचे. काविळीच्या डोळ्यांना सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. त्या घरात जगच आधी पिवळं करून ठेवलं होतं. आता त्यात खरी कावीळ आली तरी ओळखणार कशी?

टॅमसिनने फोनवरून उजेडाचा रंग बदलून पाहायचं ठरवलं, तर तिच्या फोनवर ती पट्टी करडी पडलेली. बोट घासलं तरी सरकेना. उजेड कमीजास्त करता येत होता, रंगाला मात्र कुलूप. आधी असं नव्हतं. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी लंगोट बदलताना तिने खोली लख्ख पांढरी केली होती आणि रोरी दचकून रडला होता. त्यानंतर फर्गसने हे केलं होतं, तिला न सांगता. वरच्या कोपऱ्यात घरातल्या माणसांची नावं होती. फर्गस: मालक. नोएलीन: पाहुणी. टॅमसिन: पाहुणी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घराचे अर्धे हप्ते तिच्या पगारातून जात होते, अंगणाच्या हद्दीचे खुंट तिने स्वतः ठोकले होते, आणि तिच्याच निजायच्या खोलीत ती पाहुणी.

"पाहुणी?" फर्गस आल्या आल्या तिने विचारलं.

"अगं, ते नुसतं त्या कंपनीने दिलेलं नाव आहे," तो म्हणाला. "कुणाला काय बदलता येतं, एवढंच त्यातून ठरतं. दोघांनी बदलायला लागलो तर घोळ होतो म्हणून. तुला पांढरा हवा असेल तर मला सांग की, मी करून देईन."

"मग आत्ता कर."

"आत्ता तो झोपलाय," फर्गस हळू आवाजात म्हणाला. "मुद्दाम उठवायचं?"

आणि त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकले. टॅमसिनला त्या क्षणी त्याला चावावंसं वाटलं, पण ती पाच रात्रींची जागी होती आणि मूग गिळून पडून राहिली. मूग गिळायची सवय नसलेल्या बाईला ते फार जड जातात.

सुईण येऊन गेली नाही असं नाही. त्यांची सुईण नायरी मोठी नीट बाई. घरी येऊन बाळ-बाळंतीण बघायची तिची पाळी होती. पण त्या दिवशी बर्फ पडायला लागलं, तिची गाडी वाटेत अडकली, आणि ती पोचली तोवर बाहेर अंधार झाला होता. तिने बाळाला पलंगावर मोकळं केलं, कातडीचा रंग कळावा म्हणून नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं, वाकून बघितलं, पुन्हा दाबलं.

"जरा उजेड वाढवता का?" ती म्हणाली.

फर्गसला हवंच होतं. त्याने फोनवर बोट सरकवलं आणि खोली भरून गेली. "शंभर टक्के," तो म्हणाला.

उजेड शंभर टक्के झाला, रंग तोच राहिला. पेल्यातला मध बादलीत ओतला तरी मधच. नायरीने डोळे बारीक केले. "तुमचे दिवे पिवळे आहेत का हो?"

"उबदार पांढरा," फर्गस म्हणाला.

"झोपाळू आहे का बाळ?"

"अगदी गुणी," दारातून नोएलीन म्हणाली. टॅमसिन तोंड उघडत होती, तोवर सासूचं उत्तर देऊन झालं होतं.

"पीत नाही तो नीट," टॅमसिन म्हणाली.

नायरीने तिच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी खटकलं होतं, हे टॅमसिनला स्पष्ट दिसलं. "दर दोन तासांनी उठवून पाजा. काही झालं तरी. आणि मी उद्या दिवसाउजेडी परत येते. हा उजेड काही माझ्या कामाचा नाही."

पण उद्या कुणाच्या हातात असतो? रात्रभर बर्फ पडलं आणि चढावरचे सगळे रस्ते बंद झाले. सकाळी नायरीचा फोन आला, की रस्ता मोकळा झाला की लगेच निघते, बाळाचा रंग मात्र खिडकीत नेऊन बघा. फोन घेतला फर्गसने. ऑफिसला चालत निघायच्या गडबडीत तो बुटाच्या नाड्या बांधत होता. "हो, हो, बघतो," म्हणाला, फोन ठेवला, आणि स्वयंपाकघरातून ओरडून एवढंच म्हणाला, "नायरीला उशीर होईल गं." खिडकीचं राहून गेलं. नोएलीनने मात्र ते फोनमधून अर्धंमुर्धं ऐकलं होतं. तिला वाटलं, फर्गस बघेल.

दुपारपर्यंत रोरीने दूध तोंडात घ्यायचंच सोडलं. टॅमसिनने त्याला उभं धरलं, तर मान कापडासारखी लोळली. तिने त्याच्या तळव्यावर टिचकी मारली. त्याने बारीक, चिरका आवाज काढला. ते रडणं वाटेना. दार करकरावं तसा आवाज होता तो.

तिने फर्गसला फोन लावला. लागला नाही. मीटिंग. फोनवर ती पट्टी तशीच करडी. तिने बोट घासलं, पुन्हा घासलं. 'या बदलासाठी मालकाची परवानगी लागेल,' अशी ओळ उमटली.

तेव्हा टॅमसिनचं डोकं फिरलं. तिने ठरवून काही केलं नाही. दिव्याचा रंग बदलावा, बाळ बघावं, असं काही तेव्हा तिच्या मनात नव्हतं. तिला फक्त काहीतरी तोडायचं होतं. बाळाला पलंगावर ठेवून ती भिंतीपाशी गेली आणि बटणावरच्या चिकटपट्टीत नख घातलं. निघेना. फर्गसने तीन थर दिले होते, तो काम नीटच करायचा. तिने ती दातात धरून ओढली, तिच्यासोबत भिंतीचा रंगही निघाला. तिने ते बटण खाली पाडलं, वर केलं. पुन्हा पाडलं, पुन्हा वर केलं, एवढ्या जोरात की अंगठा दुखला.

"काय चाललंय?" बाहेरून नोएलीन.

बल्बची वीज गेली आणि आली, की बल्ब फर्गसला विसरतो. कारखान्यातून निघाला तसा उठतो. टॅमसिनला हे माहीत नव्हतं. ती वळली, आणि खोली पांढरी होती. बर्फासारखी, कोरडी, इस्पितळासारखी पांढरी. पलंग पांढरा, दुपटं पांढरं, तिचा स्वतःचा हात गुलाबी. आणि त्या पांढऱ्या दुपट्यावर तिचा मुलगा पिवळा होता. हळदीत बुडवून काढल्यासारखा. कपाळ, छाती, पोट, मांड्या, सगळा.

ती पुढे झाली. आणि तिच्या डोळ्यांदेखत उजेड बदलायला लागला. फर्गसने त्याचीही सोय करून ठेवली होती: बल्ब भरकटला, की कार्यक्रमाने त्याला आपोआप परत जागेवर आणायचं. हळूहळू, बाळ दचकू नये म्हणून. पांढरा सायीचा झाला, सायीचा लोण्याचा झाला, तिचा हात पिवळा होत गेला, दुपटं पिवळं झालं, आणि रोरी त्यात विरून गेला. पुन्हा सगळे एकाच रंगाचे. गुणी, झोपाळू, निरोगी बाळ.

कुणी आपल्या तोंडावर हात ठेवून आपल्याला गप्प करावं, तसं तिला वाटलं. फोन वाजला.

"टॅम, निजायच्या खोलीतले बल्ब गेले होते का?" फर्गस म्हणाला. पहिलं वाक्य ते. "मला इथे बंद दाखवत होते. बटणाला कुणी हात लावला का? आईला सांग, प्लीज..."

"रोरी पिवळा आहे."

"अगं, आपण बोललो ना त्यावर..."

"मी पांढऱ्यात बघितलं. तो पिवळा आहे, फर्गस. आणि तू तो उजेड माझ्या हातातून काढून घेतलास."

"मी काहीच केलं नाही, ते आपोआप होतं. थांब, मी करून देतो पांढरा, एक मिनिट. मला फक्त आधी..."

तिने फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय सांगायचं? तिने रोरीला उचललं, फर्गसचा लोकरी कोट अंगावर ओढला, त्यात बाळाला छातीशी धरलं आणि अनवाणी पायांत बूट कोंबले. दारात नोएलीन आडवी उभी होती.

"बाहेर कुठे? बर्फ आहे. बाळंतीण आहेस तू."

"बाजूला व्हा, नोएलीन."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कोवळं पोर ते, वारा लागला तर..."

"बाजूला व्हा, नाहीतर मी तुम्हाला पाडीन." ती हे साध्या आवाजात म्हणाली, आणि नोएलीन बाजूला झाली.

पायरीवर घोट्यापर्यंत बर्फ होतं. आभाळ खाली आलेलं, करडं, पण उजेड होता. खराखुरा, कुणाच्या परवानगीवाचून पडलेला. टॅमसिनने कोट उघडला. थंडीने रोरीचे डोळे उघडले. इतक्या दिवसांत ते नीट उघडे तिने पहिल्यांदाच पाहिले. बुबुळांभोवती जे पांढरं असायला हवं, तेही पिवळं होतं.

नोएलीन मागून आली, खांद्यावरून डोकावली. मग म्हणाली, "अरे देवा. आम्ही तर पोरांना रोज खिडकीत उन्हाला निजवायचो. सकाळी कानावर आलं, तरी मला कसं सुचलं नाही?" लगेच तिचा आवाज बदलला. "गाडी मी काढते. चाकांना घालायच्या साखळ्या आहेत माझ्याकडे. तू मागे बस, त्याला जागं ठेव."

तो उतार टॅमसिनने पूर्वी मोजलेला होता. कोरड्या दिवशीही तिथे लोक जीव मुठीत धरून गाडी चालवतात. नोएलीनने पहिल्या गियरमध्ये गाडी इंचाइंचाने उतरवली, स्टिअरिंगवर पुढे वाकून, आणि सगळा वेळ शिव्या घालत. कुणाला ते कळत नव्हतं. बर्फाला, गाडीला, स्वतःला, मध्येच पोटच्या पोराला. "एवढा शिकवला," ती म्हणाली, "आणि खिडकी उघडायची अक्कल नाही." टॅमसिन मागे रोरीचे तळवे चोळत होती. वाटेत तिने नायरीला फोन केला. नायरी एवढंच म्हणाली, "थांबू नका. मी वॉर्डात सांगून ठेवते."

इस्पितळात कुणी समजावून सांगत बसलं नाही. टाचेतून रक्त घेतलं, काविळीचा आकडा आला, आणि डॉक्टरबाई भराभर चालायला लागल्या. नाकातून नळी घातली, दूध सोडलं, आणि रोरीला नुसत्या लंगोटावर काचेच्या पेटीत, कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर मऊ पट्टी बांधली.

"वेळेत आलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जेमतेम. सगळं रक्त बदलायची वेळ येईल की काय, ते संध्याकाळच्या तपासणीत कळेल. उद्यावर गेलं असतं तर मेंदूला धक्का बसला असता, आणि तो भरून येत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "एवढा पिवळा झाला, घरात कुणालाच दिसलं नाही?"

"मला दिसलं होतं," टॅमसिन म्हणाली. "मी सांगितलं होतं. मला म्हणाले, उजेडच तसा आहे."

फर्गस आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. धावत आला होता, दोनदा पडला होता, तळहात सोलले होते. तो पेटीपाशी उभा राहिला आणि रडला, खरंखुरं, नाक पुसत. टॅमसिनने त्याला रडू दिलं. नोएलीनने त्याच्या हातात चहाचा कागदी पेला दिला आणि ती बाहेर जाऊन बसली. जाताना त्याच्या खांद्याला तिने हात लावला नाही.

संध्याकाळच्या तपासणीत आकडा उतरलेला निघाला. थोडाच, पण खाली. रक्त बदलायची गरज नव्हती. टॅमसिनला बसायला खुर्ची सापडेना, तर ती जमिनीवरच बसली.

रात्र तिथेच गेली. सकाळी वॉर्डातल्या खिडकीचा पडदा नर्सने उघडला, आणि फर्गस, दाढी वाढलेला, पेटीकडे बघत म्हणाला, "मी विचार करत होतो."

टॅमसिनने पेटीच्या काचेवर तळहात टेकवला.

"तुला मालक करतो. आत्ताच. आणि एक सोय अशी करता येईल, की दर लंगोटाच्या वेळी एक मिनिटभर पूर्ण पांढरा उजेड, तपासणीसाठी. आपोआप. म्हणजे हे पुन्हा कधी..." तो दिव्याकडे वळला. "हा निळा केवढ्याचा असेल गं? म्हणजे आकडा. आपले बल्ब तिथपर्यंत जातात का, बघायला हवं."

त्याला बोलताना बघून टॅमसिनला कळलं, की हा माणूस घाबरलाय, आणि घाबरला की त्याला हेच येतं. कळलं, पण राग कमी झाला नाही. कळण्याने राग कमी होतो असं कुणी सांगितलं?

"फर्गस," ती म्हणाली, "त्याचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत?"

"काय?"

"तुझ्या मुलाचे डोळे. रंग सांग."

त्याने पेटीकडे पाहिलं. डोळ्यांवर पट्टी होती. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तो आठवत होता, खरोखर आठवत होता, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"तपकिरी," तो शेवटी म्हणाला. "माझ्यासारखे."

"नाहीत."

पाजायची वेळ झाली होती. नर्सने निळा दिवा बंद केला, पट्टी सोडवली आणि रोरीला टॅमसिनच्या हातात दिलं. अजून पिवळाच होता, पण कालच्याइतका नाही. त्याने तोंड इकडेतिकडे फिरवलं आणि चिडून रडायला लागला. चांगला मोठ्याने. टॅमसिन त्याला घेऊन खिडकीपाशी गेली. बाहेर टेकडीवर बर्फ होतं आणि त्याचा सगळा उजेड आत येत होता.

फर्गसच्या मांडीवरचा फोन थरथरला. घरी कुणी नव्हतं, तरी वेळ झाली म्हणून घराने कळवलं होतं: रोरी मोड सुरू. त्याने ते वाचलं, फोन बाकावर पालथा ठेवला आणि तो उठून खिडकीकडे आला.

टॅमसिनने त्याला जागा करून दिली नाही. बाळाचं तोंड मात्र तिने उजेडाकडे वळवलं.